पूर्ण झालेल्या टास्कचं तुम्ही काय करता? ठेवता, अर्काइव्ह करता की सरळ उडवता?

रेल्वेलाइन्स (धागाकर्ती)

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते.

मी फोनवर गूगल टास्क वापरते. तीन याद्या आहेत: घरची, आमच्या अपार्टमेंटची (मीटिंगला जे गैरहजर असतात त्यांना सचिव करतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं) आणि आईच्या औषधपाण्याची. टिक मारली की काम खालच्या 'पूर्ण झालेली'मध्ये जाऊन पडतं. तिथे आता एवढा ढीग झालाय की सरकवून सरकवून अंगठा दुखतो. मेनूत 'पूर्ण झालेली सगळी हटवा' आहे, अर्काइव्हचं बटण मात्र नाही. एक तर ढीग सांभाळा, नाहीतर झाडून टाका.

माझं मत, झाडून टाकावं. दळण आणलं, लाइट बिल भरलं, लिफ्टवाल्याला फोन केला, हे जपून कुणाला दाखवायचंय? नवरा म्हणतो, राहू दे, कधीतरी लागेल. त्याच्या 'कधीतरी लागेल'ने आमचं बाल्कनीतलं कपाट गच्च भरलंय, तेव्हा त्याचं मत किती धरायचं ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही काय करता? आणि खरं सांगा, झालेल्या कामाकडे कधी परत वळून बघितलंय का?

कडक_भाकरी

उडवा. पुढचा प्रश्न?

गड्ड्यातला_पाळणा

मी काम झाल्यावर ॲपमध्ये लिहितो आणि लगेच टिक मारतो. दिवसभरात काहीतरी केलं असं वाटतं. ते पण उडवायचं म्हणलं तर माझ्याकडे राहतंय काय बे?

कडक_भाकरी

@पाळणा, हे लई लोक करतात, कबूल कुणी करत नाही.

लूम_नंबर_सात

थांबा जरा, एकदम उडवू नका.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं टॉवेलचं छोटं युनिट आहे. लूम जुने. पूर्वी दुरुस्तीची वही होती, तेलाच्या हातांनी तिची पानं एकमेकांना चिकटायची. मग मुलाने फोनवर याद्या करून दिल्या, एका लूमची एक. 'बेअरिंग बदलणे', 'पिकर बदलणे', 'मोटर रिवाइंडिंगला देणे'. झालं की टिक.

आता काय होतं बघा. जॉबर म्हणतो, "मालक, सातचं बेअरिंग परवाच टाकलंय, दुसरं कायतरी असणार." मी फोन उघडतो, तर त्याचं 'परवा' दिवाळीच्या अलीकडचं निघतं. खोटं नाही बोलत बिचारा. रोज तेच हात, तीच मशिनं, त्याला सगळं परवाच झाल्यासारखं वाटतं. पण त्या तारखेवरून मला कळतं की बेअरिंग किती चाललं, कुठल्या दुकानाचं टिकलं नाही आणि रिवाइंडिंगवाल्याने तोंडी दिलेली गॅरंटी अजून शिल्लक आहे का संपली.

तेव्हा परत बघतो का, तर हो, बघतो आणि सारखा बघतो. मात्र नुसतं 'बेअरिंग बदलणे' लिहून टिक मारली तर तारखेपलीकडे हाती काही लागत नाही. टिक मारायच्या आधी मी खाली तपशिलात एक ओळ टाकतो: कुठलं, कुणाकडून, कितीला. हाताला ग्रीस असलं तर फोन जॉबरच्या पोरापुढे धरतो आणि सांगतो तसं टाइप करायला लावतो. त्याचं शुद्धलेखन भयंकर आहे, पण आकडे बरोबर असतात.

सातरस्ता

+१. माझं कारण एवढं उदात्त नाही. मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म येतो आणि त्यात 'वर्षभरात काय केलं' असा रकाना असतो. मला तर मागच्या गुरुवारचंही आठवत नाही. झालेल्या कामांची यादी उघडतो, त्यातली मोठी वाटणारी उचलतो, भाषा जरा फुगवतो. साहेब खूश. वर्षातून एकदाच लागते, पण लागते तेव्हा पगाराला लागते.

काळी_खिडकी

मी मूळचा बाळीवेसचा, सध्या पुण्यात कीबोर्ड बडवतो.

लूमकाकांना पूर्ण अनुमोदन, पण एक भर घालतो. ॲप बदलत राहतात. वंडरलिस्ट आठवतंय का? मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. याद्या त्यांच्या 'टू डू'मध्ये न्यायची सोय दिली होती, ते ठीक. पण तुमचं अर्काइव्ह ॲपच्या पोटात असेल तर ते ॲपएवढंच जगणार.

म्हणून मी 'टूडू टीएक्सटी' वापरतो. जीना ट्रापानी यांनी सुरू केलेली पद्धत. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक काम. झालं की ओळीच्या सुरुवातीला एक्स आणि तारीख. अर्काइव्हची कमांड दिली की एक्सवाल्या सगळ्या ओळी 'डन डॉट टीएक्सटी' नावाच्या दुसऱ्या फाइलीत जाऊन बसतात. चालू यादी स्वच्छ, जुनं सगळं एका जागी, आणि कुठल्याही कम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडतं.

रेल्वेलाइन्स

@काळी_खिडकी, आमच्या खजिनदार काकांना ही एक्सवाली फाइल दाखवली तर ते आधी मलाच अर्काइव्ह करतील.

@लूम_नंबर_सात, टिक मारायच्या आधी एक ओळ, हे पटलं. माझ्या ढिगात तसली एकही ओळ नाही. 'लिफ्टवाल्याला फोन' असं असंख्य वेळा आहे. तो आला का, काय केलं, किती घेतले, काही नाही.

कडक_भाकरी

म्हणजे माझंच खरं झालं की. ओळच नाही तर ठेवून काय उपयोग? उडवा.

ऑडिटवाली

मी जीएसटीची कामं करते. त्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. आयकरवाल्यांचं गणित पुन्हा वेगळं. त्यामुळे आमच्या ऑफिसात 'डिलीट' कुणी मोठ्याने म्हणत नाही.

पण गंमत सांगते. यात टास्क ॲपच्या अर्काइव्हचा उपयोग जवळजवळ शून्य. '३बी भरला' (म्हणजे जीएसटीचं रिटर्न) यावर टिक आहे, हे अधिकाऱ्याला दाखवून काय होणार? तो एआरएन, म्हणजे रिटर्न भरल्याच्या पोचपावतीचा नंबर, मागणार. चलन मागणार. म्हणून माझा नियम असा की एआरएन तपशिलात चिकटवल्याशिवाय टिक मारायची नाही. २० तारखेच्या रात्री पोर्टल रडत असतं, मुली कंटाळलेल्या असतात, आणि नेमकी तेव्हाच 'ताई, भरला, टिक मारली' अशी घाई होते. मग मी विचारते, "नंबर?" आणि शांतता.

तेव्हा ठेवायचं की उडवायचं हे नंतर बघू. टिक मारताना तुम्ही काय लिहून ठेवलं, ते आधी. लूमवाले काका हेच म्हणताहेत, फक्त त्यांना ग्रीस आहे आणि मला पोर्टल.

कडक_भाकरी

आता जरा सविस्तर लिहितो, नाहीतर मी नुसताच उडवाउडवी करतोय असं वाटेल.

वरचे सगळे धंद्याचं, नोकरीचं बोलताहेत. लूम, अप्रेझल, रिटर्न. तिथं नोंद ठेवावीच लागते, त्यात वाद कुठंय? प्रश्न घरच्या यादीचा आहे. घरच्या झालेल्या कामांचं अर्काइव्ह म्हणजे आहेरात आलेल्या चादरी. सोलापुरात प्रत्येकाच्या कपाटात त्या प्लॅस्टिकसकट असतात. अंगावर घ्यायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, वर्षातून एकदा बाहेर काढून मोजायच्या आणि परत आत. माझ्या बायकोला विचारा.

मी दर रविवारी सकाळी चहाबरोबर पूर्ण झालेलं सगळं उडवतो. आजवर एकाही गोष्टीवाचून अडलं नाही.

रिकामटेकडा_नं१

काय उडवलं तेच आठवत नसेल, तर अडलं नाही हे कळलं कसं?

कडक_भाकरी

हे बघा, आले तत्त्ववेत्ते.

भुसारगल्ली

रिकामटेकड्याच्या प्रश्नात दम आहे. ब्लूमा झायगार्निक या बाईंनी १९२७ मध्ये प्रयोग मांडले होते: अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या डोक्यात घोळत राहतं, पूर्ण झालेलं लवकर पुसलं जातं. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले, तेव्हा प्रत्येक वेळी हाच निकाल आला असं नाही, त्यामुळे ब्रह्मवाक्य धरू नका. पण मला स्वतःपुरतं पटतं. न भरलेलं बिल मला रात्री उठवतं. भरलेलं बिल मी पुन्हा भरायला निघतो. म्हणून झालेल्याची नोंद उलट जास्त लागते.

गड्ड्यातला_पाळणा

१९२७ च्या बाईंना सोलापुरात बोलवा. इथं अर्धवट काम पण कुणाच्या डोक्यात घोळत नाही. आमच्या गल्लीतला खड्डा बघा.

हौद_भरला

इतके सोलापूरकर एका धाग्यावर आणि पाण्याचा विषय अजून निघाला नाही?

आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड, कधी पाचव्या दिवशी, मधे पाइपलाइन फुटली तर मग देवाक काळजी. मी ॲपमध्ये 'पाणी भरणे, दर चार दिवसांनी' असं घातलं होतं. दोन फेऱ्यांत ते असं भरकटलं की ॲप म्हणतंय आज पाणी, आणि नळ म्हणतोय परवा.

मग कळलं की दोन प्रकार असतात. एक तारखेला बांधलेलं आणि एक काम झाल्यापासून पुढे मोजणारं. टूडूइस्टमध्ये 'एव्हरी'च्या पुढे उद्गारचिन्ह टाकलं की टिक मारलेल्या दिवसापासून मोजतं. पाण्याला तेच पाहिजे. गूगल टास्कमध्ये ती सोय नाही, तिथं ठरलेल्या तारखाच.

आणि आता धाग्याच्या विषयावर येतो. टूडूइस्टमध्ये असल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामावर टिक मारली की तेच काम पुढच्या तारखेला सरकतं. मागच्या वेळी कधी झालं ते ॲक्टिव्हिटीच्या नोंदीत बघायचं, आणि फुकटच्या प्लॅनमध्ये ती नोंद एका आठवड्याचीच दिसते. पाणी मागच्या महिन्यात कधी कधी आलं हे मला पाहिजे होतं, कारण त्यावरूनच पुढचा अंदाज बांधता येतो. ते मिळेना.

आमच्या आईचं मात्र चोख आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने वेळ लिहिते. दुधाच्या खुणा वेगळ्या, गॅस सिलिंडरला गोल. वर्ष संपलं की जुनं कॅलेंडर काढत नाही, नवं त्याच खिळ्याला पुढे अडकवते. मागची चार-पाच वर्षं तिथंच आहेत. बोअरची मोटर कधी वर काढली होती म्हणून विचारलं, तर ओल्या हाताने पानं उलटून वर्ष, महिना, मेस्त्रीचं नाव, सगळं काढून दिलं.

विजापूरवेस

चार दिवसांआड? नशीबवान आहात. आणि आमच्याकडे येतं ते पहाटे.

हौद_भरला

आमच्याकडे पण पहाटेच. चारच्या सुमाराला. आधी सूं सूं अशी हवा येते, तेव्हाच उठायचं.

विजापूरवेस

हवेवर मीटर फिरतो ते वेगळंच.

सातरस्ता

प्रेशर कसं आहे तुमच्याकडे?

संपादक_मंडळ

पाण्याचा धागा वेगळा आहे आणि तो धो धो वाहतोय. कृपया तिकडे. इथे टास्कबद्दलच बोलूया.

कडक_भाकरी

वाहतोय म्हणे. धागा तरी वाहतोय.

बाराबंदी

उशिरा आलो. माझा मुद्दा अजून कुणी मांडला नाही म्हणून लिहितो.

आमच्या घरी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, पाहुणे असतात. संक्रांतीच्या आधीपासून येतात, यण्णीमज्जन, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम सगळं बघून मग हलतात. नंदीध्वजाबरोबर चालणारे दोघं घरातलेच. म्हणजे पांढऱ्या बाराबंदी आधीच धुवून, नीळ देऊन, इस्त्री करून तयार पाहिजेत. ऐनवेळी एक बंद तुटलेला सापडतो आणि सगळं घर सुई शोधतं. गाद्या भाड्याने, गॅसची जादा टाकी, शेंगाचटणी किती किलो कुटायची, हुग्गीचे गहू कधी भिजवायचे, कुणाला स्टेशनवरून आणायचं.

हे दर वर्षी नव्याने आठवत बसायचो. आता ती यादी कधीच उडवत नाही. यात्रा संपली की झालेली यादी तशीच 'गड्डा' आणि वर्ष असं नाव देऊन ठेवतो. पुढच्या डिसेंबरात ती समोर ठेवायची आणि नवी करायची. मागच्या वेळी चटणी कमी पडली होती असं तिथंच लिहिलेलं असतं, म्हणून या वेळी जास्त. वर्षातून एकदा येणाऱ्या कामाला असलं अर्काइव्ह लागतंच. लग्नघर असेल तर विचारूच नका.

थिंग्ज नावाचं ॲपलच्या फोनवर चालणारं ॲप आहे, त्यात झालेली कामं आपोआप 'लॉगबुक'मध्ये जातात, ढीग समोर दिसतच नाही. पण फोन ॲपलचा पाहिजे. आमच्यात तो फक्त भाच्याकडे, आणि भाचा काहीच काम करत नाही.

ऑडिटवाली

@बाराबंदी, शेंगाचटणीचा आकडा सांगाच. अवांतर असलं तरी चालेल.

बाराबंदी

आकडा सांगितला तर तुम्ही पण येणार.

पार्कचौक_काका

अर्काइव्हमध्ये काय काय साठतं याचा विचार कुणी केला नाही. जुना फोन नातवाला खेळायला दिला. त्याने यादी उघडून जेवताना सगळ्यांसमोर वाचली. 'साखर तपासणे', झालं. 'साखर वाढली हे हिला न सांगणे', हेही झालं. त्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा आहे.

कडक भाकरी यांच्या पक्षात मला घ्या.

कडक_भाकरी

या काका, बसा. आपला पक्ष लहान आहे पण स्वच्छ आहे.

गड्ड्यातला_पाळणा

काका, 'बिनसाखरेचा चहा पिणे' रोजचं टास्क लावा. टिकला टिक.

रेल्वेलाइन्स

सगळं वाचलं. काल वार्षिक सभेत एका काकांनी विचारलं, वरची टाकी शेवटची कधी धुतली? मी तिथल्या तिथे फोनमध्ये शोधून तारीख सांगितली. ते गप्प. मग दुसऱ्या काकांनी विचारलं, कुणाकडून आणि किती पैसे? मग मी गप्प.

तेव्हा आता असं करतेय. घरची यादी उडवते, तिथे कडक भाकरींशी मी सहमत आहे, दळणाचा इतिहास मला नको. अपार्टमेंटची ठेवते, आणि यापुढे कोण, किती, बिल नंबर लिहिल्याशिवाय टिक नाही. वर्ष संपलं की शीटमध्ये उतरवून पुढच्या सचिवाच्या गळ्यात. आईच्या औषधांची यादीसुद्धा उडवावी म्हणतेय. 'बीपीची गोळी आणणे', 'बीपीची गोळी आणणे', तेच तेच आहे सगळं.

वॉर्ड_नंबर_तीन

आईची यादी उडवू नका, निदान सरसकट नको. मी नर्स आहे. 'गोळी आणली' याला किंमत नाही हे खरं. पण त्याच ढिगात 'डॉक्टरांनी डोस कमी केला', 'पाय सुजले म्हणून गोळी बदलली', 'रक्त तपासणी' अशी कामं असतील. वयस्कर पेशंट आला की डॉक्टर पहिलं विचारतात, ही गोळी कधीपासून चालू? घरचे म्हणतात, बरेच दिवस झाले. कुणी म्हणतं मागच्या उन्हाळ्यापासून, कुणी म्हणतं नाही, गणपतीत. तुमच्याकडे तारीख आहे. बदल झालेल्या ओळी तेवढ्या एका कागदावर उतरवून फाइलीत लावा, मग बाकीचं खुशाल काढा.

कडक_भाकरी

ताईंचं मान्य. औषधाला सूट.

रेल्वेलाइन्स

@वॉर्ड_नंबर_तीन, बरं झालं लिहिलंत. हे डोक्यातच आलं नव्हतं. पण एवढा ढीग हाताने उतरवायचा? काळी खिडकी, काही यंत्र आहे का?

काळी_खिडकी

आहे. गूगल टेकआउटमध्ये जा, बाकी सगळ्या खुणा काढा, फक्त टास्क ठेवा आणि एक्सपोर्ट करा. एक झिप येईल, त्यात एक जेसन फाइल. नोटपॅडमध्ये उघडलीत तर कंसच कंस दिसतील, घाबरू नका. एक्सेलच्या डेटा टॅबमधून ती फाइल आत घेता येते, मग सरळ रकाने होतात: काम, तपशील, स्थिती, पूर्ण झाल्याची तारीख आणि वेळ. 'गोळी आणणे'च्या ओळी फिल्टर लावून बाजूला काढा, उरेल ते बघा. हे सगळं ढीग उडवण्याच्या आधी करायचं. हटवलेलं त्यात येत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूर्ण झाल्याची जी वेळ त्यात असते ती आपली नसते, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. आपण साडेपाच तास पुढे. एक्सेलला तो रकाना तारीख-वेळ म्हणून ओळखता आला की ५.५ भागिले २४ मिळवा, वेळ बरोबर होते.

हौद_भरला

म्हणजे पहाटे चारला पाणी भरून टिक मारली, तर फाइलीत आदल्या दिवसाची तारीख?

काळी_खिडकी

बरोबर. आदल्या रात्रीचे साडेदहा.

विजापूरवेस

बघा, कागदोपत्री आम्हाला पाणी एक दिवस आधी मिळतंय.

ऑडिटवाली

आणि १ एप्रिलच्या पहाटे टिक मारलेलं काम ३१ मार्चचं दिसणार. हे कृपा करून माझ्या अशिलांना कुणी सांगू नका.